भेट रजिस्टरातला शेरा

धम्मशीलाताई गवई यांचा मोबाइल नंबर गावात ज्याला पाठ नाही, तो माणूस एकतर पाळण्यातला असेल, नाहीतर परगावचा. अमडापूरजवळच्या या गावात ताई सव्वीस वर्षं अंगणवाडी सेविका आहेत. मोबाइल आले तेव्हा ते पुरुषांच्या खिशात गेले, बायांच्या वाट्याला फॉर्म तेवढे आले. प्रत्येक फॉर्मवर नंबराचा रकाना, आणि तो रिकामा राहिला की योजना अडायची. म्हणून ताई बिनदिक्कत आपलाच नंबर टाकायच्या. मग गावभरच्या बायांचे ओटीपी ताईंच्या फोनवर येऊ लागले. खिचडी ढवळताना कुणाचा तरी फोन यायचा, "ताई, आकडे आले का हो?" आणि ताई आकडे सांगून मोकळ्या. कुणाचे, कशाचे, हे विचारायला सवड कुणाला होती!

गेल्या दिवाळीआधी गावातल्या निवृत्तीच्या सुनेचे, काजलचे, असेच आकडे आले. ताईंना वाटलं रेशनकार्डाचं काही असेल. ते होतं कर्जाचं. पुढे काजल आणि तिचा नवरा कामासाठी पुण्याकडे गेले, काजलचा फोन बंद झाला, हप्ते थांबले आणि वसुलीवाल्यांच्या कागदावर चालू असलेला नंबर एकच उरला.

"मॅडम, हप्ता कधी भरता?"

"कायचा हप्ता?"

"नंबर तुमचा आहे, म्हणजे कर्ज तुमचं."

"अरे भाऊ, गावातल्या साऱ्या लेकरांच्या कागदावर माहाच नंबर आहे. ते सारे लेकरं माहे काय?"

पलीकडच्याला विनोद कळला नाही. दिवसाला दहा-बारा फोन येऊ लागले आणि भाषा रोज एक पायरी खाली उतरू लागली. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची, तर निदान संन्याशाला शिव्या तरी देऊ नयेत! ताईंचा मुलगा अश्वजित खामगावला नोकरीला. तो म्हणाला, "आई, ब्लॉक करून टाक न."

"ब्लॉक केलं का तो माह्याशी बोलाचा बंद होईन. माह्याबद्दल बोलाचा थोडीच बंद होईन?"

झालंही तसंच. चौथ्या दिवशी काजलच्या कर्जगटातल्या बायांच्या फोनवर ताईंचा फोटो आला. जयंतीच्या दिवशीचा, पांढऱ्या साडीतला, त्यांच्याच व्हॉट्सॲपवरून उचललेला. खाली लिहिलं होतं, "कर्जबुडवी. सावध राहा." सकाळी आठला आलेला तो फोटो दहापर्यंत गावभर झाला.

दुसऱ्या दिवशी बावीसपैकी चौदाच लेकरं आली. जनकाबाईंची नात परी रोज सगळ्यांच्या आधी येऊन पायरीवर बसायची, तीही आली नाही. दुपारी जनकाबाई एकट्याच आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "ताई, आमच्या आधारकार्डाच्या झेरॉक्सा तुमच्यापाशी आहेत न? त्या वापस द्या बरं."

ताईंनी कपाट उघडून झेरॉक्स काढून दिल्या. परीचा बाप याच अंगणवाडीत अ-आ शिकला होता. सव्वीस वर्षांचा भरवसा जनकाबाई पिशवीत घालून घेऊन गेल्या. त्या दिवशी ताई घरी जाऊन, दार लावून, अर्धा तास रडल्या. शिव्यांनी त्यांना रडवलं नव्हतं, झेरॉक्सनी रडवलं.

मग त्यांनी तोंड धुतलं आणि एक कोरं रजिस्टर काढलं. अंगणवाडीची नोकरी माणसाला एक गोष्ट पक्की शिकवते: जे लिहिलं नाही, ते झालंच नाही. ताईंनी प्रत्येक फोनची तारीख, वेळ, नंबर आणि बोललेला शब्दन् शब्द लिहायला सुरुवात केली. शिव्यासुद्धा, सुवाच्य अक्षरात. आठवड्यानं त्या स्वतःच वसुलीवाल्याला म्हणाल्या, "फोनवर बस झालं. सोमवारी अकरा वाजता अंगणवाडीत या. कागद घेऊन या."

सोमवार त्यांनी उगाच नव्हता निवडला. त्या दिवशी लेकरांची वजनं व्हायची होती. राग असो की संशय, लेकराचं वजन किती भरलं हे बघायला आया येणारच होत्या.

सोमवारी मोटारसायकलवरून कर्ज कंपनीचा प्रज्वल नावाचा तरुण उतरला, डोळ्यांवर गॉगल. दारातच ओरडला, "धम्मशीला गवई कोण?"

"मी. चपला भायेर काढा, लेकरं बसतात इथं."

त्यानं काढल्या. खुर्ची एकच होती आणि तिच्यावर वजनाची वही होती, म्हणून बसावं लागलं सतरंजीवर, लेकरांच्या रांगेत. ताईंनी भेट रजिस्टर पुढं सरकवलं. "सरकारी जागा आहे. साहेब येवो का सरपंच, सही केल्याबिगर कोणी बसत नाही. नाव लिहा. कोठून आले लिहा. कारण लिहा."

त्यानं लिहिलं, कर्जवसुली.

"कोणाकडून?"

"तुमच्याकडून."

"मंग कागद दाखवा."

कागद निघाला. बाया माना लांब करून पुढं सरकल्या. त्यांच्यातली रुपाली बारावी झालेली, तिनं मोठ्यानं वाचलं. नाव काजलचं, सही काजलची, फोटो काजलचा.

"माहं काय आहे याच्यात?" ताईंनी विचारलं.

"नंबर."

"अजून?"

"अजून काही नाही."

"हेच लिहा शेऱ्याच्या रकान्यात."

प्रज्वलचा चेहरा उतरला. "मॅडम, वरून विचारतील मला."

ताईंनी दुसरं रजिस्टर उघडलं आणि हजेरी घ्यावी तशा आवाजात वाचू लागल्या. "मंगळवार, सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. शिवी पहिली." बायांनी पदर तोंडाला लावले. "आठच्या आधी वसुलीचा फोन कराचा नाही, असा नियम आहे. तुमाले मालूमच असन. हे रजिस्टर उद्या पोलीस ठाण्यात जाऊन राह्यलं. तुमी शेवटी काय लिहलं, ते तुमच्याच कामी येईन."

प्रज्वलनं लिहिलं: धम्मशीला गवई यांच्या नावे कोणतेही कर्ज नाही.

"तारीख राह्यली," ताई म्हणाल्या.

त्यानं तारीखही टाकली. मग त्याच्याच ज्या नंबरवरून फोटो आला होता, त्याच नंबरवरून त्याच बायांना माफीचा मेसेज पाठवायला लावला, तेव्हाच ताईंनी त्याला उठू दिलं. जाताना तो काजलचा पत्ता विचारू लागला.

"तिले शोधणं तुमची नोकरी. माही नोकरी हे लेकरं."

कर नाही त्याला डर कशाला, हे खरं. पण नुसतं न डरून भागत नाही, ते चारचौघांत लिहूनही घ्यावं लागतं. दुसऱ्या दिवशी रजिस्टर सांगितल्याप्रमाणे पोलीस ठाण्यात गेलंच. निवृत्तीलाही ताईंनी सुनावलं, "सुनेले म्हणा, तोंड लपवू नको. कंपनीशी सोता बोल."

बुधवारी परी पुन्हा पायरीवर होती. मागं जनकाबाई, हातात एक फॉर्म आणि तीच पिशवी. ताई फॉर्म भरत नंबराच्या रकान्यापाशी आल्या आणि थांबल्या. "आता तुमच्या पोरापाशी फोन आहे न? त्याचाच टाकू."

"नाही. तुमचाच टाका."

ताईंनी पेन खाली ठेवलं. "जनकाबाई, त्या झेरॉक्सा मागतल्या न तुमी, तवा लय लागलं मले."

"माहं चुकलं, ताई." जनकाबाईंचे डोळे भरले होते.

ताईंनी पेन उचललं आणि दहा आकडे लिहिले. "पण सांगून ठेवते. ओटीपी आला का आता मी पह्यले इचारीन, कायचा आहे म्हणून."

"शंभरदा इचारा," जनकाबाई म्हणाल्या. मग त्यांनी परीला रांगेत बसवलं आणि झेरॉक्सची पिशवी स्वतःच्या हातानं ताईंच्या कपाटात नेऊन ठेवली.