कुत्रीला लावलेलं जळकं ऑइल

लोह्याजवळ शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे गुरं बांधायच्या वस्तीवर, आमची एक लाल कुत्री होती. गेल्या हिवाळ्यात तिच्या कानांच्या कडा खरबरीत झाल्या, मग कोपरांवरचे केस गेले. दिवसभर खाजवून खाजवून तिनं अंग सोलून काढलं. आई म्हणाली, "नांदेडच्या दवाखान्यात ने रे तिला." मी म्हणालो, बघू. माझं हे ‘बघू’ घरात सगळ्यांना पाठ आहे.

शेवटी वडिलांनी ट्रॅक्टरचं जळकं ऑइल डब्यात काढलं. "म्हशीची खरूज ह्यानंच गेली. हिला काय होतंय?" आमच्याकडं जनावराला खरूज झाली की हेच लावतात, कुणी विचारतसुद्धा नाही. त्यांनी हाक मारली तशी ती आली, गप उभी राहिली. त्यांनी पाठीपासून पोटापर्यंत चोपडलं. कुत्रं दिवसभर अंग चाटतं, हे एवढं साधं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

आठवड्यात तिनं खाणं सोडलं, ओकाऱ्या सुरू झाल्या. तेव्हा कुठं मी तिला नांदेडला नेलं. डॉक्टरांनी तिच्या कानाची कड बोटांत धरून चोळली, तर मागचा पाय आपोआप खाजवायला लागला. म्हणाले, "खरूजच आहे. कातडीत बारीक किडे असतात. गोळ्या, औषधाची अंघोळ आणि बसायचं पोतं बदललं असतं, तर दोन महिन्यांत केस आले असते." मग तिचे पिवळे डोळे बघून त्यांनी विचारलं, "ऑइल किती वेळा लावलं?"

"दोनदा."

"एकदाचं कदाचित झेपलं असतं."

सलाइन चालू असतानाच ती गेली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून होतो, तो काढवेना.

घरी आलो आणि माझं डोकंच फिरलं. सगळ्यांसमोर वडिलांना म्हणालो, "तुम्ही मारली तिला." ते बाजेवर बसून राहिले.

त्यांनी एकदाच लावलं होतं. खाज जरा कमी वाटली, म्हणून ते बाजाराला गेलेले असताना दुसऱ्यांदा मीच लावलं, चांगलं चोळून. हे मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.

आता कुणी पिल्लू घेऊन आलं की वडील हात जोडतात. "नेऊन टाक बाबा. माझ्या हाताला गुण न्हाई." मी तिथंच शेजारी बसलेला असतो.