रुसली, पण उठली नाही

रूथवहिनी गेल्याचं दादाचं पोस्टकार्ड पुण्याला माझ्या हाती आलं, तेव्हा तिला जाऊन चार दिवस झाले होते. 'सकाळी बसली होती, तशीच गेली,' एवढंच त्यात होतं. कुठं बसली होती, हे दादानं लिहिलं नव्हतं. मला ते ठाऊक होतं…

पंचावन्न साली मी शाळेसाठी शहापूरला दादाकडे राहायला आले. गल्लीत ख्रिस्ती घर आमचं एकच. वहिनीचं माहेर मुरबाडकडचं. रोज पाणी भरून झालं की चूल पेटवण्याआधी ती मागच्या दारात बसून देवाशी बोलायची. पाठ केलेलं काही नाही, मोठ्यानं आणि मनातलं. "देवा, काल नणंदेवर ओरडले, माझं चुकलं. पण दूध तिनंच उतू घालवलं, ते तू बघितलंसच." आत मी चरफडायची.

दुसऱ्या वर्षी श्रावणात तिचा अडीच वर्षांचा योहान तीन दिवसांच्या तापात गेला. त्याला माती देऊन आलो, त्याच्या दुसऱ्या सकाळी वहिनी दारात बसली. तोंडातून शब्द नाही. असे चार महिने गेले. ती रोज बसायची आणि गप्पच उठायची. एकदा न राहवून मी विचारलं, "बोलत नाहीस, तर बसतेस कशाला?"

"रुसलेय गो त्याच्यावर. पण रुसलं म्हणून कोण घर सोडतं का?"

मग एका सकाळी समोरची काकू धावत आली. आमच्याकडचं पाणीही न पिणारी बाई. तिची सून दोन दिवस अडली होती, सुईणीनं हात टेकले होते. "रूथबाय, तुज्या देवाला सांग गो. सून जाते माझी!"

वहिनी तिथंच खाली बसली. "देवा, तुझं-माझं अजून मिटलेलं नाय. ते मागनं बघू. आधी हिचं बघ." एवढं बोलून उठली, लुगड्याचा पदर खोचला, बैलगाडी जोडायला लावली. आसनगाव स्टेशनहून आगगाडीनं कल्याणच्या दवाखान्यापर्यंत त्या पोरीचं डोकं तिच्या मांडीवर होतं. दुपारी मुलगी झाली. दोघी वाचल्या.

दुसऱ्या सकाळी वहिनी योहानबद्दल बोलली… खूप वेळ, रडत, भांडत. आत आली तेव्हा मी विचारलं, "मिटलं?"

"तो काय बोलला नाय. पण माझं संपेतोवर उठूनपण गेला नाय."

मी पुष्कळ प्रवचनं ऐकली. श्रद्धा म्हणजे काय, हे मात्र मी आमच्या घरातल्या, चौथी शिकलेल्या बाईकडून शिकले, आणि हे सांगताना माझी मान ताठ होते.

परवा शहापूरला गेले. सकाळी जाग आली ती दादाच्या आवाजानं. चर्चमध्येसुद्धा पुस्तकातली प्रार्थना वाचणारा माझा भाऊ मागच्या दारात बसून अडखळत म्हणत होता, "देवा, मला हे जमत नाय रे… ती तुझ्याशी काय काय बोलायची, मी कधी नीट ऐकलं नाय, तेवढं सांग."