शृंगाटकाचा दुसरा अर्थ

उकडलेल्या शिंगाड्यांचा मातकट वास आला की मला स्वातंत्र्य चळवळीच्या दिवसांतली नागपूरची एक दुपार आठवते. आईनं शिंगाडे उकडले होते. चौकातून मिरवणूक निघणार होती आणि थोरला भाऊ वसंता चपला घालत होता. तिथं बंदूकवाले शिपाई उभे आहेत, असं शेजारी सकाळीच सांगून गेले होते.

"शिंगाड्याले शिंगाडा काहून म्हणतात, माहीत आहे?" संस्कृत शिकवणाऱ्या बाबांनी एकदम विचारलं.

"शिंगं असतात म्हणून," वसंता म्हणाला.

"मूळ शब्द शृंगाटक. त्याचा आणखी एक अर्थ आहे. बस, सांगतो."

वसंता उंबऱ्यावर टेकला. बाबा शिंगाडा सोलत सावकाश बोलत राहिले.

"रस्ते मिळतात त्या चौकालेही शृंगाटकच म्हणत."

"मग तिथंच चाललो मी," वसंता हसून उठला.

थोड्या वेळानं गोळ्यांचे आवाज आले. संध्याकाळी त्याचं प्रेत घरी आणलं.

बाबांना शब्दांचा नाद आहे, एवढंच मला तेव्हा वाटलं होतं. ते त्याला घरात अडवून धरत होते, हे आता कळतं. मिरवणुकीत त्यांचे विद्यार्थीही होते. आपल्याच मुलाला 'जाऊ नको' म्हणायला त्यांची जीभ रेटली नाही.