दोन गाड्यांचं एक इंजिन

"हा पार्ट बसत नाही" असं संपत मिस्त्रीला सांगणं म्हणजे त्याचा अपमान करणं. भोर सोडून उत्रोलीकडे निघालं की डाव्या हाताला त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं. जीपला ट्रॅक्टरचं बेअरिंग, टेम्पोला ट्रकचा पंखा, रिक्षाचा कार्बोरेटर पाण्याच्या पंपाला, असली लग्नं त्यानं उभ्या आयुष्यात किती लावली त्याला गणती नाही. आणि खोटं कशाला बोला, त्यातली बरीचशी टिकली. "बसत न्हाई म्हंजी काय? बसवायचं असतंय," असं म्हणून तो कानस उचलायचा आणि गिऱ्हाईक गप्प व्हायचं.

पण नव्या गाड्या आल्या. त्यांचा आजार यंत्राला वायर जोडून कळतो, इंजिनाला कान लावून नाही. गिऱ्हाईक आटलं. त्यात संपतच्या उजव्या हाताला कंप सुटला. पुण्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि हे वाढतच जाणार हेही सांगून टाकलं. बायको सुलक्षणा म्हणाली, दिवाळीला गॅरेज बंद करा. तो हो म्हणाला, पण आधी डॅटसन चालू करणार म्हणाला. सुलक्षणानं कपाळावर हात मारून घेतला.

ही डॅटसन म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीची जपानी गाडी. भाटघरच्या एका बंगल्यात सडत पडली होती, ती संपतनं ओढून आणली आणि गॅरेजच्या मागं ठेवली. इंजिनाचा खालचा अर्धा भाग, म्हणजे ब्लॉक, अजून ठणठणीत होता. वर बसणारं हेड मात्र खलास झालेलं. दोनदा वेल्डिंग केलं, दोनदा फुटलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या चालू केल्या, स्वतःची एक झाली नाही, हे त्याला फार लागायचं. हात आहेत तोवर हिला एकदा रस्त्यावर आणायची, एवढंच त्याला हवं होतं.

मग त्याला पानशेतच्या सारजाबाईंच्या गाडीबद्दल कळलं. सारजाबाई रस्त्याकडेला पिठलं-भाकरीचं हॉटेल चालवतात. त्यांचे मालक, म्हणजे नवरा, भिमा एका पुणेकराच्या गाडीवर ड्रायव्हर होते. पानशेतचा आपला बंगला विकताना त्या माणसानं आपली जुनी डॅटसन भिमालाच देऊन टाकली. भिमा गेले, गाडी हॉटेलामागं छपरात राहिली. तिचं दुखणं बरोब्बर उलटं होतं. पावसाचं पाणी शिरून खालचे पिस्टन गंजून चिकटलेले, आणि वरचं हेड तेल लावून ठेवल्यासारखं स्वच्छ. ते ऐकून संपतच्या तोंडाला पाणी सुटलं.

बाईंनी आधी साफ नकार दिला. पुण्याहून हौशी लोक येत, अख्खी गाडी मागत, त्यांनाही त्यांनी वाटेला लावलं होतं. पण संपत चिवट. एसटीनं जायचा, पिठलं खायचा आणि विषय काढायचा. दोन मेल्या गाड्यांतून एक जिती होईल, निम्मं इंजिन तुमच्या मालकांचंच असेल, पहिली फेरी तुमच्या दारात, असं घोळून घोळून सांगायचा. शेवटी बाई एवढंच म्हणाल्या, "न्हाई जमलं तर?" संपत हसला. त्याला कधी न जमलेलं आठवतच नव्हतं. बाईंनी छपराचं कुलूप काढलं.

हेड गॅरेजात ब्लॉकवर ठेवून बघितलं तेव्हा घोळ कळला. बाईंची गाडी दोन-तीन वर्षं पुढची, इंजिनही जरा मोठं. बोल्टांची भोकं जुळत होती, पण इंजिन थंड ठेवणारं पाणी ज्या भोकांतून खालून वर जातं त्यातली दोन सरकलेली होती. दुसरा कुणी असता तर हेड गोणीत घालून परत देऊन आला असता. पण आता माघार घेतली तर हात खरंच संपले, असं त्याला वाटलं. त्यानं ती भोकं पितळी बूच मारून बंद केली, हेड आणि ब्लॉकच्या मधलं गॅस्केट पातळ पत्र्यातून हातानं कापलं, उरलेल्या वाटांनी पाणी फिरेल असं स्वतःला समजावलं. ते फिरणार नाही हेही त्याला आतून ठाऊक होतं. कापताना हात थरथरत होता, म्हणून सुलक्षणानं पत्रा दाबून धरला.

आणि गाडी चालू झाली. खरंच झाली. आवाज असा गोड की संपत बॉनेटवर हात ठेवून रडला. लाजलाही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सुलक्षणा नवं लुगडं नेसून शेजारी बसली आणि दोघं नसरापूरवरून वेल्ह्याकडे निघाली, पाबे घाट ओलांडून पानशेतला. सपाटीला गाडी छान पळाली. घाटाच्या पहिल्या वळणाला गरमीचा काटा वर सरकायला लागला.

"अवो, थांबवा. वास येतोय," सुलक्षणा म्हणाली.

"माथा आला की उताराला गार व्हईल," तो म्हणाला.

माथा आलाच नाही. आतून एक कोरडा आवाज आला, पांढरी वाफ उसळली आणि गाडी उभी राहिली. संपतला बॉनेट उघडायचीही गरज नव्हती. हेड तडकलं होतं, आणि तापलेल्या पिस्टनांनी ब्लॉकच्या आत ओरखडे काढले होते. जिवाचं रान करून त्यानं दोन अर्धे जमवले होते, ते दोन्ही त्याच्याच पायाखाली गेले. पिकअपला दोर बांधून गाडी परत आणली, तेव्हा वाटभर सुलक्षणा पदरानं त्याला वारा घालत राहिली. तिची तीच दया त्याला सोसवेना.

चार दिवसांनी तो तडकलेलं हेड घेऊन एसटीनं पानशेतला उतरला. काय झालं ते त्यानं सगळं सांगितलं, पितळी बुचांसकट. सारजाबाई रागावल्या नाहीत. जिथलं तिथं बसवून द्या म्हणाल्या. उपयोग नाही, असं त्यानं सांगून पाहिलं. बाई ऐकेनात. मग वर फुटलेलं आणि खाली गंजलेलं ते इंजिन त्यानं मधल्या बोल्टापासून बाहेर, रीतीप्रमाणं आवळलं. पाना सारखा निसटत होता. बाई पाटावर बसून बघत होत्या.

बॉनेट लागल्यावर त्या म्हणाल्या, "ही बंद हाय हे मला ठावं न्हवतं व्हय, मिस्त्री? पर यांनी जाताना सांगितलेलं, वरचं चांगलं हाय, कुणी जाणता भेटला तर चालू व्हईल. रोज छपराकडं बघून वाटायचं, यील कुणीतरी." त्यांनी पदरानं बॉनेटवरची धूळ पुसली. "तुमी आलात. आता कुणाची वाट बघू?"

संपतनं खाली मान घालून पाने पिशवीत भरले. बाईंनी त्याला जेवून जायला सांगितलं. तो जेवला, कारण नाही म्हणायचं तोंड त्याला उरलं नव्हतं.