बर्फघराची कडी

पेनिसिमानीने बावीस वर्षं टोंगातल्या आपल्या बेटावरचं डिझेलचं इंजिन चालवलं. परदेशात तेल भडकलं की राजधानी नुकुअलोफाहून येणारं पिंप महाग व्हायचं. मग वीज, मग बर्फ, मग मासळी. आणि लोक शिव्या घालायचे त्याला, जणू तेलाचा भाव तोच ठरवत होता.

पुढे सरकारने शाळेमागे सौरपट्ट्या बसवल्या, जोडीला बॅटऱ्यांची खोली. इंजिन गप्प झालं. पेनिसिमानीला पट्ट्या पुसायचं काम मिळालं, पगार निम्मा. आधी त्याला ते फार लागलं. पण दोन वर्षांनी तेल दुप्पट महागलं, शेजारच्या बेटांवर दिवे विझले, आणि इथे बर्फाचा भाव एका सेनितीनेही हलला नाही. त्याचा धाकटा भाऊ सोआने गावच्या बर्फघरात मासळी साठवून ती राजधानीला धाडू लागला. त्याने नवं घर बांधलं, डुकरं पाळली. पेनिसिमानीही मग मन लावून पट्ट्या पुसू लागला.

त्याची बायको लुपे मात्र भुलली नाही. पीठ, साखर, मटण सगळं बोटीने यायचं, आणि बोट डिझेलवरच चालायची.

"उजेड स्वस्त झाला खरा," ती म्हणायची, "पण त्या उजेडात ताटात बघायचं काय? कसावाचे कंदच ना?"

दहा वर्षं टिकतील म्हणून सांगितलेल्या बॅटऱ्या खाऱ्या हवेने सहाव्या वर्षीच खाल्ल्या. त्यांच्याशिवाय सगळी यंत्रणाच बंद पडली. नव्या मागितल्या, तर उत्तर आलं की भाव फार चढलेत, यंदा जमणार नाही. गावच्या अधिकाऱ्याने पेनिसिमानीला जुनं इंजिन पुन्हा चालू करायला सांगितलं. तिसऱ्या झटक्याला ते धडधडलं. त्याला आनंद झाला, आणि त्या आनंदाची लाजही वाटली.

त्या महिन्यात बोटीने दोनच पिंपं आणली. गावाची बैठक बसली. नर्स फिनाऊ म्हणाली, दवाखान्यात नऊ जणांचं इन्सुलिन आहे. सोआनेने त्याच सकाळी बर्फघर ट्यूना माशांनी भरलं होतं आणि पुढची बोट दहा दिवसांनी होती, तीही तेल आणेलच असं नाही. शेवटी सगळे पेनिसिमानीकडे बघू लागले. त्याने खरं तेच सांगितलं. दोन्ही चालवलं तर तेल आठवड्यात संपेल. एकटा दवाखाना महिनाभर निभावेल.

"दादा, दुसरं काहीच होण्यासारखं नाही?" सोआनेने विचारलं.

"नाही."

"मग कडी तूच लाव. दुसऱ्याच्या हातून नको."

पेनिसिमानीने बर्फघर बंद केलं. चौथ्या दिवशी वास सुटला. सोआने एकट्याने टोपल्या वाहून सगळी मासळी समुद्रात टाकत होता. पेनिसिमानी मदतीला गेला, तर त्याने टोपलीला हात लावू दिला नाही.

इन्सुलिन टिकलं. नऊही माणसं जगली. सोआने मात्र बायकोमुलींना घेऊन राजधानीला गेला आणि तिथून ऑस्ट्रेलियात फळतोडणीला. धक्क्यावर त्याने लुपेला मिठी मारली. भावाशी बोलला नाही.

दीड वर्षाने बॅटऱ्या आल्या, मागितल्याच्या निम्म्या. दवाखान्याला पुरल्या, बर्फघराला नाही. तोवर आणखी चार घरं रिकामी झाली होती.

पेनिसिमानी अजून पट्ट्या पुसतो. सोआनेची डुकरं लुपे सांभाळते. तो त्या घराकडे फिरकत नाही. डुकरांसाठी खोबरं फोडतो आणि टोपली तिच्या हाती देतो.