सबवूफर कुठं ठेवायचा, पावणं?

भिंतीवर टीव्ही लावायला गेलं की किस्सा घडत नाही. चार स्क्रू, एक चहा, निघालो. पण होम थिएटर लावायला गेलं आणि ‘सबवूफर कुठं ठेवायचा?’ हा विषय निघाला की घरातलं प्रत्येक माणूस बोलायला लागतं. मग किस्से काय, मागे लागल्यासारखे येतात! जुन्नरला आमचं दुकान आहे. मी आणि माझे पार्टनर सलीमभाई. ते मूळचे वायरमन, वयानं माझ्यापेक्षा मोठे, बोलायला कमी. बारा वर्षांत जुन्नर-आंबेगावातल्या किती हॉलच्या फरशीवर मी रांगलोय, याचा हिशेब नाही.

रांगलो म्हणजे खरंच रांगलो! सबवूफर, म्हणजे तो धम्म धम्म करणारा मोठा डबा, आधी सोफ्यावर ठेवायचा. जिथं माणूस बसणार तिथं. त्यावर जाड आवाजाचं गाणं लावायचं आणि आपण भिंतीकडेनं गुडघ्यावर फिरायचं, कान फरशीजवळ. जिथं बास, म्हणजे तो जाड आवाज, भरीव ऐकू येतो पण घुमत नाही, तिथं डबा ठेवायचा. ही पद्धत आजवर कधी चुकलेली नाही. बघणाऱ्याला मात्र आधी सांगून ठेवावं लागतं.

घोडेगावात ते सांगायचं राहिलं. पंचायत समितीतून रिटायर झालेल्या एका भाऊसाहेबांचं घर. सोफ्यावर डबा धडधडतोय, एका भिंतीकडेनं मी रांगतोय, दुसऱ्या भिंतीकडेनं सलीमभाई. तेवढ्यात दारात पाच-सहा माणसं! भाऊसाहेबांच्या मुलीला बघायला यायचे होते ते पावणं, सांगितल्या वेळेच्या तासभर आधी आले.

मुलाच्या आईनं घाबरत विचारलं, “काही हरवलंय का?”

“न्हाई न्हाई,” भाऊसाहेबांना घाम फुटला, “बास शोधत्यात!”

मुलाचे वडील दोन मिनिटं बघत उभे राहिले. मग त्यांनी चप्पल काढली, टोपी सोफ्यावर ठेवली आणि सरळ गुडघ्यावर बसले. “आमच्याकडं पण घुमतोय राव. मलाबी दावा.”

मुलगी चहाचा ट्रे घेऊन आली, तेव्हा तिचा होणारा सासरा टीव्हीच्या टेबलाखाली डोकं घालून ओरडत होता, “हितं! हितं लई भारी येतोय!”

लग्न झालं. मुलगी नंतर एकदा दुकानात भेटली. म्हणाली, “काका, मी मुलगा नीट बघितलाच नव्हता. सासऱ्यांकडं बघून हो म्हटलं.”

*

‘बास’ हा शब्दच आमच्या धंद्यात घातकी आहे. अगदी सुरुवातीची गोष्ट. नारायणगावात एका काकूंकडे मी डब्याच्या मागं वाकून बटण फिरवत होतो. काकू सोफ्यावर. मला त्या दिसत नव्हत्या, फक्त आवाज येत होता.

“बास!”

मी बास वाढवला.

“अरे बास!”

आणखी वाढवला.

“आता बास झालं हां!”

मी खूश. “झाला ना काकू? अजून थोडा देतो!”

तेवढ्यात भिंतीवरचं घड्याळ खाली पडलं. सलीमभाई स्वयंपाकघरातून शांतपणे बाहेर आले, मेन स्विच बंद केला आणि म्हणाले, “भाऊ, त्या थांब म्हणतायत.”

तेव्हापासून गिऱ्हाइकाच्या घरात आम्ही ‘बास’ म्हणत नाही. ‘जाड आवाज’ म्हणतो.

*

ओतूरचे एक कांद्याचे व्यापारी. नवीन बंगला, घरात सगळं वास्तुशास्त्राप्रमाणं. मी अर्धा तास रांगून जागा काढली, तर म्हणाले, “नाय जमायचं. इलेक्ट्रिकची वस्तू आग्नेयेच्या कोपऱ्यातच पाहिजे.”

कोपऱ्यात डबा ठेवला की दोन्ही भिंती मिळून आवाज फुगवतात. रिकाम्या पिंपात तोंड घालून कुणीतरी बोलतंय असं वाटतं. मी समजावलं, वाजवून दाखवलं. शेठ ढिम्म!

मग सलीमभाई पुढं झाले. “शेठ, लाईट कुठून येती?”

“त्या बोर्डातून.”

“बोर्ड कुठल्या कोपऱ्यात?”

“आग्नेयेच्या.”

“मग लाईट तिथंच राहिली की. आता डब्याच्या या भोकापुढं हात धरा.”

शेठनी हात धरला. प्रत्येक ठोक्याला भोकातून फुस्स करून हवा येत होती. शेठचे डोळे मोठे झाले. “आयला, वारा लागतोय!”

“वाऱ्याची दिशा कुठली?”

“वायव्य!” शेठ स्वतःच ओरडले, आणि मी काढलेल्या जागेकडं बघितलं. ती कोपऱ्याच्या अलीकडं, पण वायव्येलाच निघाली! त्यांनी स्वतःच्या हातानं डबा उचलून तिथं ठेवला.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, “सलीमभाई, तुम्हाला वास्तुशास्त्र कधीपासून येतं?”

“इतकी वर्षं लोकांच्या घरात वायरिंग करतोय,” ते म्हणाले. “कुठला कोपरा कशाला, हे तुमच्याआधी मला पाठ झालंय!”

*

एक चूक मात्र माझी स्वतःची. पिंपळवंडीकडं उसाला लागून एक बंगला. मी मागच्या खिडकीखाली डबा ठेवला, कानाला एकदम फिट! दुपारची चारची वेळ. टेस्टिंगला जंगलाचा पिक्चर लावला.

पाचच मिनिटांत खुरपणीच्या बायका ओरडत दारात. “उसात वाघ गुरगुरतोय!”

आमच्याकडं बिबट्याला वाघच म्हणतात, आणि त्या नावानं कुणी चेष्टा करत नाही. मी झटकन आवाज बंद केला. सगळे कान देऊन उभे. सामसूम. बायका घरात बसल्या, मी पुन्हा टेस्टिंग सुरू केलं. तर आता शेजारच्या वस्तीवरनं माणसं काठ्या घेऊन आली! पुन्हा बंद. पुन्हा सामसूम. कुणीतरी फॉरेस्टला फोनही करून टाकला.

शेवटी शेजारचे एक म्हातारबाबा आत आले, डब्यासमोर उकिडवे बसले आणि मला म्हणाले, “लाव रं.”

मी लावलं. बाबांनी डब्यावर काठी टेकवली. “ह्यो व्हय तुमचा वाघ?”

हसून हसून सगळे जमिनीवर. तेवढ्यात फॉरेस्टचे गार्ड पोचले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पण ते हसले नाहीत. म्हणाले, “आज हसताय. उद्या खरा गुरगुरला तर म्हणाल, पिक्चर चाललाय.”

त्यांचा चहा व्हायच्या आत मी डबा आतल्या भिंतीला हलवला होता.

*

आणि हा किस्सा डिंभ्याच्या पुढचा. भीमाशंकरच्या रस्त्याला रमेशभाऊंचं हॉटेल आहे, मागं घर. घरात ते, बायको, दोन मुलं आणि मोठी बहीण शांताक्का. मी नेहमीप्रमाणं रांगलो, टीव्हीच्या उजव्या बाजूला जागा काढली, डबा ठेवला. उत्तम वाजला.

शांताक्का मागच्या भिंतीजवळ लाकडी बाकड्यावर बसून वाटाणे सोलत होत्या. त्या उठल्या, डब्यापाशी आल्या आणि नाही म्हणून मान हलवली. बोटानं दाखवलं, तिकडं. बाकड्याला चिकटून.

“अक्का, तिथं नको,” मी म्हणालो. “इथं आवाज मस्त येतोय, ऐका की.”

“तिला ऐकू येत न्हाई,” रमेशभाऊ म्हणाले. “जन्मापासनं.”

अक्कांनी माझा हात धरला, बाकड्यापाशी नेला आणि फळीवर टेकवला. फळी थंडगार, मेल्यासारखी, जराही थरथर नाही. मग पुन्हा डब्याकडं बोट.

जाड आवाजाला दिशा नसते. डबा टीव्हीपासून लांब गेला तरी कानाला कळत नाही, फक्त मागची बटणं नीट जुळवावी लागतात. मी डबा बाकड्याला चिकटवून ठेवला आणि बटणं जुळवली. तासभर लागला, पण बाकी सगळ्यांनाही तितकंच चांगलं ऐकू येईल असं करून दिलं.

“पिक्चर बघताना ती आमच्याकडं बघती,” रमेशभाऊ हळू सांगत होते. “आमी हसलो की हसती. आमी दचकलो की दचकती. आमच्या मागनं.”

मुलांनी पिक्चर लावला. पडद्यावर नुसतं रान. झाडं, थोडं धुकं, दुसरं काही नाही. मुलं आपसात बोलत होती. अक्कांनी वाटाण्याचं ताट बाजूला ठेवलं. दोन्ही तळवे फळीवर दाबले. मग पुढं वाकून त्यांनी रमेशभाऊंचा खांदा हलवला आणि पडद्याकडं बोट केलं.

“काय गं?” रमेशभाऊ म्हणाले. “काय न्हाई तिथं.”

अक्कांनी पुन्हा खांदा हलवला.

झाडं फोडून हत्तींचा अख्खा कळप बाहेर आला. मुलं किंचाळली, वहिनींच्या हातातली वाटी सुटली, मीसुद्धा दचकलो.

शांताक्का पडद्याकडं बघतच नव्हत्या. त्या रमेशभाऊ कसे दचकतात ते बघत होत्या, आणि हसत होत्या.