बोटीची डावी बाजू

मार्चच्या नऊ तारखेला दुपारी आमच्या चारकोपच्या घरात मला पाच हजार रुपये आगाऊ मिळाले. हजर आम्ही तिघंच होतो: मी, माझी बायको आणि मढहून येऊन आमच्या बाजारात मासे विकणारी मावशी. सगळं काम नऊ हजारांत करायचं ठरलं. त्यातले साडेसहा हजार थ्रीडी प्रिंट काढणाऱ्याचे, अडीच हजार माझे. मावशीने घासाघीस केली नाही. इतक्या वर्षांत व्यवहाराच्या वेळी ती गप्प बसलेली मी पहिल्यांदाच पाहिली, आणि मला ते बरं वाटलं नाही.

काम तिच्या नवऱ्याच्या बोटीचं होतं. अडतीस फुटी लाकडी बोट. दीड वर्षापूर्वी नवऱ्याला लकव्याचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. मुलगा शूटिंगच्या व्हॅनिटी व्हॅनवर ड्रायव्हर, त्याला समुद्रात जायचं नव्हतं. बोट किनाऱ्यावर ओढून ठेवली ती ठेवलीच. लाकूड कुजायला लागलं तेव्हा महिनाअखेरीस ती मोडायची असं भंगारवाल्याशी ठरलं. नवरा मात्र रोज संध्याकाळी खुर्चीतून उठायची धडपड करायचा आणि डाव्या हाताने किनाऱ्याकडे दाखवायचा. मग मुलाने धरून नेऊन त्याला बोटीपाशी बसवायचं. तासभर फळ्यांवर हात फिरवला की तो शांत व्हायचा, परत येऊन जेवायचा. ज्या दिवशी नेलं नाही त्या दिवशी तोंड मिटून बसायचा, पेजेचा चमचाही आत जायचा नाही.

"बोट गेली तं हा कशावर हात फिरवल?" मावशी म्हणाली. "तू कंप्युटरवर वस्तू बनवतोस ना रे भावा? मंग ही दे बनवून. मांडीवर मावंल एवडी."

"मावशी, हे बादलीवाले आहेत गं," बायको आतून म्हणाली. "होडीलासुद्धा कडी लावून देतील."

बायको चुकीचं बोलत नव्हती. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका कारखान्यात मी सोळा वर्षं प्लास्टिकच्या बादल्या, आंघोळीचे मग आणि झाकणं यांच्या साच्यांची ड्रॉइंग काढली. मालकाने कारखाना वापीला हलवला, मी हललो नाही. पन्नाशी जवळ आल्यावर जुना कंप्युटर घेतला आणि व्हिडिओ बघून डिजिटल शिल्पकाम शिकलो. हे सॉफ्टवेअर मुळात मातीसारखं आहे. पडद्यावर एक गोळा येतो. तो दाबायचा, ओढायचा, घासायचा. लोक त्यात चेहरे करतात, राक्षस करतात, देव करतात. मला ते जमलं नाही. मला जमलं ते यंत्र, बाटली, पेटी, बंदूक असल्या कडक वस्तूंचं काम. त्याला हार्ड सरफेस म्हणतात. पृष्ठभाग ताठ राहिला पाहिजे, कड सरळ गेली पाहिजे, कुठेही मातीचा पोचा दिसता कामा नये. शूटिंगवाल्यांना लागणाऱ्या खोट्या वस्तू, अत्तराच्या बाटल्यांची झाकणं अशी कामं मिळत. मिळत होती, असं म्हणायला हवं. आता बरेचजण यंत्राला चार ओळी लिहून देतात आणि यंत्र वस्तू काढून देतं. मावशीचं काम आलं त्याच्या आधी माझ्याकडे दोन महिने काहीच नव्हतं.

आम्ही मापं घ्यायला मढला गेलो. बायको टेपचं टोक धरायला आली. बोट एका बंगल्याच्या कुंपणाच्या भिंतीला लागून टेकूंवर उभी होती. तो बंगला शूटिंगला भाड्याने जातो. उजवी बाजू भिंतीकडे, मध्ये वीतभर फट, आणि त्या फटीत सेटवरचं मोडकं प्लायवूड आणि थर्माकोल कोंबलेलं. डावी बाजू मोकळी. मी वरून ओळंबा सोडला आणि फूट-फूट अंतरावर दोरीपासून फळीपर्यंतचं माप घेतलं. नाळेपासून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापासून, सुकाणूपर्यंत. मधेच बंगल्यातून एक पोरगा धावत आला.

"काका, आवाज बंद करा ना, शॉट चालू आहे."

"टेपचा आवाज येतोय तुमच्या शॉटमध्ये?" बायकोने विचारलं.

"टेपचा नाही, तुमचा."

मावशी हसली. त्या दिवशी ती एवढंच हसली. तिचा नवरा जरा दूर खुर्चीवर बसून आमच्याकडे बघत होता. मी त्याला नमस्कार केला. त्याने माझ्या टेपकडे पाहिलं, मग बोटीकडे, आणि डावा हात उचलून बोटीवरून पलीकडे, भिंतीकडे दोनदा हलवला. मला वाटलं, तो समुद्र दाखवतोय. मावशीलाही तसंच वाटलं.

"दुसरी बाजू अशीच ना मावशी?"

"बोट हाय ती. दोन बाजू सारख्याच अस्तील का नाय?"

हे मी विचारलं तेही रीत म्हणूनच. या कामात पहिला नियम असा की वस्तूची एकच बाजू करायची. सॉफ्टवेअरमध्ये सिमेट्रीचं बटण चालू ठेवलं की डावीकडे तुम्ही जे करता ते उजवीकडे आपोआप होतं. पडद्यावर तुमच्या हाताखाली एक लाल ठिपका असतो आणि पलीकडे दुसरा, कोणी न धरलेला, त्याच्याबरोबर चालत असतो. अर्धी मेहनत वाचते आणि दोन्ही अंगांत केसाएवढाही फरक येत नाही. बाटली, हेल्मेट, मोटार, सगळं जग असंच करतं.

पुढचे दहा-बारा दिवस मी ती बोट केली. आधी मोजक्या चौकोनांचा एक साधा सांगाडा, कारण सुरुवातीला जाळी दाट केली की पृष्ठभाग लाटा मारतो आणि मग कितीही घासा, सरळ होत नाही. मग मापाप्रमाणे प्रत्येक फुटावरची रेघ आत-बाहेर सरकवली. मग फळ्या वेगळ्या पाडल्या, प्रत्येक फळीला जाडी दिली, दोन फळ्यांत बारीक फट ठेवली. खिळ्यांची भोकं एका आकारातून दुसरा आकार वजा करून काढली. प्रत्येक कड किंचित मोडून घेतली. खऱ्या जगात पात्यासारखी धारदार कड कुठल्याच वस्तूला नसते, आणि बोटीच्या कडा तर जाळ्यांनी घासून घासून गोल झालेल्या. त्या कशा गोल झाल्यात हेही मी बोटाने तपासून आलो होतो. मला सांगायला हरकत नाही, ते काम चांगलं झालं होतं. बायको रात्रीची भांडी आवरून मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, कडी नाही लावली?" म्हणजे तिलाही आवडलं होतं.

महिनाअखेरीस ठरल्याप्रमाणे बोट मोडली. मी गेलो नाही. मावशीने नंतर सांगितलं की भंगारवाल्याने इंजिन आणि लोखंड नेलं आणि लाकूड टेम्पोत भरून पावाच्या भट्टीला दिलं. नवऱ्याला त्या दिवशी तिने नणंदेकडे ठेवलं होतं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात प्रिंट आली. दीड फूट लांब, तुकड्यांत छापून जोडलेली, घासून रंग दिलेली. मी आणि बायको ती टॉवेलात गुंडाळून मढला घेऊन गेलो. त्या दिवशी मुलगा घरी होता. मापं घेतली तेव्हा तो शूटिंगबरोबर बाहेरगावी गेला होता, त्यामुळे माझी त्याची ही पहिलीच भेट.

मावशीने बोट नवऱ्याच्या मांडीवर ठेवली. त्याने डावा हात नाळेवर ठेवला आणि तो हात मागे मागे नेला, फळी न् फळी. सुकाणूपाशी तो थांबला. त्याच्या तोंडातून आवाज आला, शब्द नाही, पण आवाज. मावशीने पदर तोंडाला लावला. मग त्याने हात पलीकडे घातला आणि उजवी बाजू चाचपली. मधोमध येऊन तो थांबला. पुन्हा पुढे गेला, पुन्हा मधोमध आला. तिथे काहीतरी शोधत होता. मग त्याने बोट मांडीवरून ढकलून दिली. मुलाने ती वरच्या वर झेलली.

"अगं आये," मुलगा बोट हातात फिरवत म्हणाला, "उजवी बाजू अशी कुठे होती?"

मग त्याने सांगितलं ते असं. तो शाळेत असताना रात्री समुद्रात एका मोठ्या बोटीने यांच्या बोटीला उजवीकडून धडक दिली. वडिलांनी ती वेसाव्याला नेली आणि मोडलेल्या फळ्या काढून स्वतः नव्या बसवल्या. लाकूड वेगळं, फळ्या जास्त रुंद. पोटापाशी बोट त्या अंगाने चांगली बाहेर आली. तेव्हापासून ती जराशी एका बाजूला ओढायची आणि वडील सुकाणू त्या हिशेबाने धरायचे. दुसऱ्या कोणाला ती बोट नीट चालवता यायची नाही.

"तुला ठाऊक नव्हतं?" मुलाने आईला विचारलं.

"मना काय ठाऊक?" ती म्हणाली. "आमी बायका कवा बोटीवर चढतो? बोट पाण्यात थांबायची, छोट्या होडीतून मासळी यायची. मी टोपली घेऊन हितंच. ओढून वर घेतली तवा तं भिंतीला लावलेली."

तेव्हा मला त्याचा तो भिंतीकडे हलणारा हात आठवला. बोलून काय होणार होतं? लाकूड भट्टीत गेलेलं.

मुलाने फोनमधले सगळे फोटो काढून दाखवले. नारळी पौर्णिमेचे होते, त्यात बोट पताकांनी झाकलेली. एकात कोणाच्या तरी खांद्यामागे उजव्या पोटाचा तळहाताएवढा भाग दिसत होता. त्यावरून मी घरी आलो, सिमेट्री बंद केली आणि ते अंग बाहेर ओढून बघितलं. थोडं, मग जास्त, मग खाली. बाहेर ओढलं की फळ्यांच्या रेघा वाकायच्या, रेघा सरळ केल्या की फुगवटा जायचा. मापाशिवाय मी आयुष्यात एक झाकणही केलेलं नाही. तीन प्रकार करून मी मुलाला पाठवले.

त्याचा फोन आला. "काका, तिन्ही सारखीच वाटतात. टाका ना कुठलंही अंदाजे. कोणाला कळणार आहे यार?"

"ज्याला कळायला पाहिजे त्याला पहिल्याच झटक्यात कळलं ना रे."

तो म्हणाला, "बाबा जेवत नाहीत काका. दोन चमचे, बस. खुर्चीतून उठायचंही सोडलंय."

पुढच्या रविवारी मावशी मासे नसतानाही आमच्या घरी आली. पिशवीतून तिने बोट काढली आणि टेबलावर ठेवली.

"हिचा खोटा अर्दा काप," ती म्हणाली.

"मावशी, अगं…" बायको म्हणाली.

"खरा अर्दा तं खरा हाय ना? तो ऱ्हाऊ दे."

मी बारीक पात्याची करवत घेतली आणि नाळेपासून मधोमध कापत गेलो. पडद्यावर हे काम एका रेघेत झालं असतं. प्लास्टिक तापून पात्याला चिकटत होतं, बायको थोडं थोडं पाणी सोडत होती. आतून बोट पोकळ निघाली, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या जाळीने भरलेली. ती झाकायला मी मागे प्लायवूड लावलं आणि कडा घासल्या. उजवा अर्धा मावशीने नेला नाही.

तो अर्धा भाग नवऱ्याच्या मांडीवर ठेवला तेव्हा मी आणि बायको तिथे होतो. त्याने फळ्यांवरून हात नेला, नाळेपासून सुकाणूपर्यंत, पूर्वीसारखाच. ढकललं नाही. मग हात कडेवरून पलीकडे घातला. तिथे सपाट प्लायवूड होतं. तळहात त्यावर तसाच टेकलेला राहिला. मावशीने पेजेचा चमचा त्याच्या ओठांना लावला. त्याने तोंड उघडलं नाही. आम्ही निघालो तेव्हाही हात तिथेच होता.

जूनमध्ये, बोटी वर ओढायच्या दिवसांत, तो गेला. आम्ही भेटायला गेलो तेव्हा मावशीने उरलेल्या पैशांचा विषय स्वतःच काढला. मी नको म्हणालो.

"काम केलंस ना?"

"अर्धंच झालं मावशी."

"मंग अर्द्याचे घे. फुकटचं मना नको," ती म्हणाली आणि भिंतीकडे बघत बसली. तिथे तो अर्धा भाग काही टांगलेला नव्हता. कुठे ठेवला हे मी विचारलं नाही.

शेवटी दिले गेले ते असे: प्रिंट काढणाऱ्याला साडेसहा हजार, प्लायवूडवाल्याला एकशे ऐंशी, मला साडेबाराशे.